रोहिणी, अग्नी आणि सम्यक् आजीविका



तुमच्या घरातला पहिला अभियंता मुलगा क्षेपणास्त्रे आणि अवकाशयाने घडविणाऱ्या कारखान्यात लागला, तर तुम्ही काय कराल? पेढे वाटाल, आणि ते योग्यच आहे. पण धम्मदीक्षा घेतलेल्या घरात पेढ्यांबरोबर एक प्रश्नही यावयास हवा.

अष्टांगिक मार्गाने चालण्याची प्रतिज्ञा आपण घेतली आहे. सम्यक् आजीविका हे त्या मार्गाचे एक अंग. तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष. पहिले नाव शस्त्राचे आहे.

कोणी म्हणेल, "गुरुजी, मुलगा तर उपग्रहाचे यान करतो!" पाहू या. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोट्याहून एस.एल.व्ही.-३ या यानाने ३५ किलोचा 'रोहिणी' उपग्रह पृथ्वीभोवती फिरता केला. २२ मे १९८९ रोजी ओडिशातील चांदीपूरहून 'अग्नी' क्षेपणास्त्र उडाले. त्याचा पहिला टप्पा त्याच एस.एल.व्ही.-३ च्या मोटारीवर बेतलेला होता. टोकावर काय बसवायचे, हे नळकांडे घडविणारा हात ठरवीत नाही.

'रोहिणी' हे नाव आपल्या ओळखीचे आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले, तेव्हा सिद्धार्थाने शाक्यसंघात युद्धाला विरोध केला आणि पंच नेमून निवाडा करावा असे सुचविले. संघाने ते मानले नाही, आणि सिद्धार्थाला घर सोडावे लागले. हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. देशाच्या रक्षणाची गरज असू शकते, हे आपण नाकारीत नाही. परंतु गरज वेगळी आणि व्यापार वेगळा. गरज भागली की थांबते. व्यापाराला मात्र सतत गिऱ्हाईक लागते. २०२२ साली भारताने फिलिपाइन्सला ब्रह्मोस क्षेपणास्त्रे विकण्याचा करार केला आणि २०२४ साली पहिली खेप रवाना झाली. येथे रक्षण कोठे संपले आणि विक्री कोठे सुरू झाली?

मुलाने नोकरी सोडावी, असे मी म्हणत नाही. ज्या घरात पहिल्यांदाच महिन्याचा पगार येतो, त्या घराला दुरून उपदेश करणे सोपे आहे. पण "मला नेमून दिलेले काम मी करतो, पुढचे मला काय?" हे उत्तर मात्र त्याने देऊ नये. नेमून दिलेले काम मुकाट्याने करावे, हीच वर्णधर्माची शिकवण होती. मेलेली ढोरे ओढणाऱ्या आपल्या आजोबांना कामाची निवड कोणी विचारली नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला दीक्षा दिली, तेव्हा निवडीचा हक्क दिला आणि तिची जबाबदारीही दिली.

म्हणून येत्या रविवारी वंदनेनंतर मुलाला जवळ बसवा. पगार किती, हे तर विचाराच. पण तुझ्या हातून काय घडते आणि ते कोणाकडे जाते, हेही विचारा. उद्या दुसऱ्या विभागाची किंवा दुसऱ्या नोकरीची संधी आली, तर हा प्रश्न त्याच्या मनात आधीच तयार असू द्या.

जय भीम!