न सांगितलेला शनिवार

आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातील एका खेड्यातला तरुण बंगळूरला ईश्वरविज्ञान शिकत आहे. ह्यात नवल काही नाही. तेथील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज १९१० साली सुरू झाले; पुढे त्या शहरात अशी आणखीही विद्यालये उभी राहिली, आणि मराठी मंडळ्यांतील मुले पाळकपणाच्या शिक्षणासाठी ती वाट धरीत आली आहेत. ह्या मुलाच्या शिक्षणाचा भार त्याच्या मंडळीने उचलला आहे. सुगीच्या सणाला वेदीपुढे येणारी बाजरी, भोपळे, कोंबड्या ह्यांचा लिलाव होतो. त्यातला एक वाटा त्याच्या नावे बाजूला काढला जातो. एक वृद्ध विधवा दरमहा अंडी विकून आलेले थोडे पैसे पाकिटात घालून देते. नगरपलीकडचे शहर तिने पाहिलेले नाही.

परीक्षा आटोपल्यावर एका शनिवारी हा मुलगा दोघा मित्रांबरोबर पहाटेच्या गाडीने म्हैसूरला गेला आणि रात्री परतला. मंडळीत वाचून दाखविण्यासाठी तो दर तिमाहीला अहवाल पाठवितो. त्यात हिब्रूची परीक्षा होती, रविवारच्या शाळेतील सेवा होती, खाणावळीचा वाढलेला खर्च होता. तो शनिवार मात्र नव्हता. सुटीत घरी आल्यावर त्याने मला विचारले, “काका, मी आजीचे पैसे उडवले का?”

विश्रांती हवीच, असे म्हणून त्याची समजूत घालणे सोपे होते. प्रभूनेही शिष्यांना एकांती चला व थोडा विसावा घ्या, असे सांगितले होते. परंतु त्या बिचाऱ्यांना जेवावयासही सवड मिळाली नव्हती. आणि ते नावेतून पोहोचतात तो लोकसमुदाय त्यांच्याआधीच तेथे हजर! आपला मुलगा काही इतका थकलेला नव्हता. बेथानीतील सुगंधी तेलाची कथाही अशा वेळी पुढे केली जाते. तीनशे दिनारांहून अधिक मोलाचे तेल ओतणाऱ्या स्त्रीला प्रभूने दोष दिला नाही, हे खरे. पण ते तेल प्रभूवर ओतलेले होते. म्हैसूरपाक ह्याने स्वतःच खाल्ला. तेव्हा त्या कथेच्या आड त्याला लपता येत नाही.

मग प्रत्येक रुपया म्हणजे मूठभर बाजरी, हे कठोर उत्तर खरे मानावे काय? मलाही क्षणभर तसे वाटले. पण तसे मानले तर आजीचे दान दान राहत नाही, ते कर्ज होते, आणि ती सावकार ठरते. तिने पैसे दिले ते एका माणसाला. उपदेश तयार करणाऱ्या यंत्राला नव्हे. तरीही एक गोष्ट उरतेच. तिच्या पैशावर तो ज्या गावी जाऊन आला ते तिने कधी पाहिले नाही, आणि बहुधा पाहणारही नाही. ही विषमता कोणत्याही युक्तिवादाने पुसता येत नाही. पुसण्याचा प्रयत्नही करू नये.

म्हैसूरच्या वाटेवर मंड्या लागते. तेथे गाडीच्या खिडकीतून दोहों बाजूंना ऊस पाहून आपल्याला प्रवरेकाठची आठवण झाली, असे तो म्हणाला. त्या भागाला पाणी देणारे कृष्णराजसागर धरण ज्यांच्या नावाशी जोडलेले आहे ते विश्वेश्वरय्या एके काळी उलट दिशेने आले होते. वडील लहानपणीच वारलेले. म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकले आणि १८८३ साली उत्तीर्ण झाले. पुढे मुंबई इलाख्यात पुष्कळ वर्षे नोकरी करून १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. संस्थानातल्या ज्या रयतेच्या करातून हे साहाय्य गेले, त्या रयतेने पुणे कुठे पाहिले होते? परंतु तिला पाणी मिळाले. पाणी कालव्याने आणता येते. डोळ्यांनी पाहिलेले कशाने आणावे? सांगण्यानेच ना?

आणि सांगण्यासारखे त्याच्याजवळ पुष्कळ होते. वाटेत श्रीरंगपट्टण आहे. १७८४ साली टिपू सुलतानाने कानडा किनाऱ्यावरील हजारो ख्रिस्ती लोकांना बंदी करून तेथे नेले. ते बहुतेक कोकणी बोलणारे, पूर्वज गोव्यातून आलेले. म्हणजे भाषेने आपले शेजारीच. पुष्कळांना बळजबरीने धर्म सोडावा लागला, कित्येक मेले. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर आबे द्युब्वा नावाचे फ्रेंच धर्मगुरू तेथे आले. विखुरलेल्यांना त्यांनी पुन्हा मंडळीत घेतले आणि देवीची लस टोचून घेण्यासाठी लोकांची मने वळविली. (ही कथा सांगताना दुसरीही सांगावी लागते. १७९१ मध्ये मराठी फौजेबरोबरच्या स्वारांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि तो पुन्हा उभा करण्यास साहाय्य पाठविले ते ह्याच टिपूने. आपल्यापुरत्या जखमा मोजणारा इतिहास अर्धाच राहतो.) म्हैसुरात त्याने सेंट फिलोमिनाचे उंच जोड-मनोऱ्यांचे भव्य चर्च पाहिले. १९३३ साली त्याचा पाया महाराजा कृष्णराज वडियार ह्यांनी घातला. स्वतः हिंदू राजा.

एवढे सारे तो एका दिवसात पाहून आला आणि दोन महिने मुका राहिला. माझ्या मते चूक झाली असेल तर ती येथे. हरवलेले नाणे सापडलेल्या स्त्रीने मैत्रिणींना व शेजारणींना बोलावून आनंद केला. त्या आनंदात कदाचित नाण्याहून अधिक खर्च झाला असेल. प्रभूने तो हिशेब मागितलेला नाही. तिने नाणे कनवटीला लावून दार बंद केले असते, तर तो दृष्टान्त झालाच नसता. आपल्या मुलाने आजीचे पैसे चोरले नाहीत. तिच्या वाट्याचा शनिवार मात्र त्याने स्वतःजवळ ठेवला. आणि ठेवला तो भीतीने, आपण काय म्हणू ह्या भीतीने. ती भीती त्याच्या मनात कोणी घातली, हे आपणही आपल्याला विचारावे.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर तो उभा राहिला आणि तिकिटाच्या पैशांसकट सारे सांगितले. आजीने मागच्या बाकावरून विचारले, “राजानं देवळाचा दगड बसवला, मग तो आपल्यात आला का?” तो म्हणाला, “नाही आजी.” “तरी बसवला?” “हो.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग जेवलास कुठे, हे तिने विचारले.

सर्वांना हे रुचले असे नाही. पंच कमिटीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, पुढील वर्षाच्या मदतीचा विचार करताना ही बाब लक्षात घ्यावी, असे सुचविले आहे. ती बैठक अजून व्हावयाची आहे, आणि तिला मलाही बोलावले आहे.