ओझे कोणी सिद्ध करायचे?

युरोपीय संघाच्या नागरिकाला संघातल्या कुठल्याही देशात जाऊन राहता येते, असे आपण सरसकट म्हणतो. पहिल्या तीन महिन्यांपुरते ते खरे आहे. पासपोर्ट किंवा ओळखपत्र असले की भागते. पुढे मात्र संघाच्या 2004 च्या निर्देशातल्या अटी लागू होतात. नोकरी किंवा स्वतःचा धंदा असेल तर ठीक. नसेल, तर त्या देशाच्या सामाजिक मदतीवर भार पडणार नाही इतके पैसे आपल्याकडे आहेत आणि संपूर्ण आरोग्यविमाही आहे, हे दाखवावे लागते.

गोव्यातल्या अनेक कुटुंबांचा याच्याशी थेट संबंध येतो. डिसेंबर 1961 पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्यांनी आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, भारतीय पासपोर्ट परत केला, आणि त्यांतले बरेचजण पोर्तुगालमध्ये न थांबता इंग्लंडातल्या स्विंडनला किंवा साउथॉलला गेले. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर ती वाट बंद झाली. आता त्याच पासपोर्टावर आयर्लंडला किंवा फ्रान्सला जाणाऱ्याला हा निर्देश लागू होतो. पोर्तुगालमध्ये त्याला मिळकत कोणी विचारत नाही, शेजारच्या देशात विचारतात.

पुरेसे पैसे म्हणजे किती? निर्देशाचे आठवे कलम म्हणते, ठरावीक आकडा लावायचा नाही, माणसाची परिस्थिती पाहायची. शिवाय त्या देशाच्या स्वतःच्या नागरिकाला ज्या मर्यादेखाली मदत मिळते, तिच्याहून जास्त रक्कम मागायची नाही. तरतूद शहाणपणाची आहे. पण खिडकीपलीकडच्या कारकुनाला आकडा लागतोच. मग इटलीत सामाजिक भत्त्याचा आकडा समोर येतो, स्पेनमध्ये वर्गणी न भरलेल्या वृद्धांच्या पेन्शनचा. दरमहा एकच रक्कम खात्यात जमा होणाऱ्याचे काम तिथे सहज होते. भावाने पाठवलेले, घर विकून आलेले, हंगामात कमावलेले पैसे समजावून सांगावे लागतात. खरे तर युरोपीय न्यायालयाने पैसे कुठून आले याला महत्त्व दिलेले नाही. बेलफास्टला जन्मलेल्या आणि त्यामुळे आयरिश नागरिक ठरलेल्या तान्ह्या मुलीच्या खटल्यात 2004 साली आईचे पैसे पुरेसे मानले गेले.

आपल्याकडे तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला काढतात तो बहुधा उत्पन्न कमी आहे हे दाखवायला, कारण त्यावर काहीतरी मिळायचे असते. युरोपात ज्याने काहीच मागितलेले नाही त्यालाच, आपण पुढेही मागणार नाही, हे आधी पटवावे लागते. माझा आक्षेप याला आहे.

ऑस्ट्रियातले एक प्रकरण पाहा. एक निवृत्त जर्मन गृहस्थ 2011 साली पत्नीसह तिथे राहायला गेले. 862.74 युरोंचे अपंगत्व पेन्शन आणि 225 युरोंचा शुश्रूषा भत्ता, एवढी त्यांची मासिक मिळकत. त्यांनी तुटपुंज्या पेन्शनला जोड म्हणून मिळणारी रक्कम मागितली, महिन्याला 326.82 युरो. ती नाकारली गेली, कारण एवढ्या कमी पेन्शनवर पुरेसे पैसे असल्याचे सिद्ध होत नाही आणि म्हणून इथे कायदेशीरपणे राहण्याचा हक्कच नाही, असे सांगण्यात आले. म्हणजे गरज सांगितली की हक्क संशयात, आणि त्याच ऑस्ट्रियाने त्यानंतर त्यांना नोंदणीचा दाखला मात्र दिला. 2013 मध्ये युरोपीय न्यायालयाने हे अडवले: केवळ अर्ज केला म्हणून हक्क गेला असे धरता येणार नाही, अडचण किती काळाची, रक्कम किती, संपूर्ण मदतव्यवस्थेवर भार किती, हे पाहावे लागेल. पुढच्याच वर्षी, जर्मनीत राहणाऱ्या आणि काम न शोधणाऱ्या एका रुमानियन महिलेच्या खटल्यात न्यायालय बरेच मागे सरकले. मला पहिला निकाल अधिक न्याय्य वाटतो.

पैसे नसण्यापेक्षा पगार नसणे इथे नडते, हेही लक्षात घ्यावे. हॉलंडमध्ये आठवड्याला संगीताच्या 12 तासिका घेणारा एक जर्मन शिक्षक वर सरकारी मदतही घेत होता. 1986 मध्ये न्यायालयाने त्याला कामगार ठरवले, त्यामुळे मिळकतीची अटच उरली नाही. उलट दिवसभर घरातल्या वृद्धांचे आणि मुलांचे करणाऱ्या बाईचे काम या हिशेबात धरले जात नाही. ब्रिटनमध्ये अशा अनेकींना संपूर्ण आरोग्यविमा नाही म्हणून कायम वास्तव्य नाकारले गेले. संघ सोडताना मात्र त्याच ब्रिटनने आधीपासून राहत असलेल्यांसाठी जी योजना आणली, तिच्यात पैसे आणि विमा या दोन्ही अटी नव्हत्या. प्रत्यक्ष वास्तव्य दाखवले की पुरत होते.

विद्यार्थ्याने पैसे असल्याचे स्वतः लिहून दिले तरी निर्देश ते मान्य करतो. पोर्तुगाल इतरांकडूनही नोंदणीसाठी प्रतिज्ञापूर्वक निवेदनच घेतो, आणि ते नगरपालिकेत स्वीकारले जाते. जर्मनीने 2013 मध्ये युरोपीय नागरिकांना द्यायचा वास्तव्याचा दाखलाच बंद केला. मदतनिधी मर्यादित असतो आणि तो भरणाऱ्या करदात्याची काळजी खोटी नाही, हे मला मान्य आहे. पण ती काळजी घेण्याची जागा मदतीच्या अर्जाच्या टेबलावर आहे. निर्देशाच्या चौदाव्या कलमातही तेच आहे: वाजवी शंका असेल तरच तपासणी करायची, सरसकट नाही, आणि मदत घेतली एवढ्यावरून कोणाला आपोआप देशाबाहेर काढायचे नाही. नोंदणीच्या वेळी माणसाचा शब्द घ्यावा. पुढे त्याचा भार पडतो आहे असे वाटले, तर ते प्रशासनाने कागदोपत्री दाखवावे.