कोपीतील नाताळ

दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जालना जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. साखर कारखान्यांचा हंगाम बहुधा मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. तेव्हा नाताळ त्यांस फडातच गाठतो. तेथे ना मंदिर, ना घंटा, ना मंडळी. मग सणाचा आनंद मनात यावा कसा, आणि लेकरांस तो दाखवावा कसा? प्रश्न साधा दिसतो. परंतु आपला सण मुळात कशावर उभा आहे, हेच त्यात विचारलेले आहे.

गावी आनंद जणू आपोआप येतो. मंदिरास रंग लागतो, कागदी चांदणी टांगली जाते, रात्री भजनाची ढोलकी वाजू लागते, आणि मन त्या ओघात वाहत जाते. ह्यात वाईट काहीच नाही. मात्र जो आनंद केवळ गावाने दिला, तो गावातच मागे राहणार.

जालन्याजवळच्या बेथेलचे नाव आपण सर्व जाणतो. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रे. नारायण शेषाद्री ह्यांनी ती ख्रिस्ती वस्ती वसविली. पण हे नाव शास्त्रात प्रथम कोणी दिले? घर सोडून निघालेल्या याकोबाने. उशाला धोंडा घेऊन तो उघड्यावर निजला, आणि जागा झाल्यावर त्याने त्या मुक्कामास देवाचे घर म्हटले. देव मागे घरी राहिला, असे त्यास वाटले असावे. पण देव वाटेवरच भेटला.

लूककृत शुभवर्तमानाच्या २ ऱ्या अध्यायातही हेच आहे. योसेफ व मरीया आपल्या घरी नव्हती. सरकारी नावनोंदणीच्या हुकमाने ती परगावी आली होती. मेंढपाळ तर कामावरच होते. फडात नवराबायकोची जोडी 'एक कोयता' म्हणून मोजली जाते. कैसराच्या नोंदीतही माणसे अशीच मोजली गेली. त्याच मोजणीच्या दिवसांत देव माणसांस भेटावयास आला.

तथापि ह्यावरून कोपीतील हाल देवास आवडतात, असा अर्थ कोणी काढू नये. थंडीत कुडकुडणाऱ्या लेकरास 'प्रभूही गव्हाणीत निजला' एवढेच सांगून जो आपल्या उबदार घरी परततो, त्याने शुभवर्तमान अर्धेच सांगितले. गव्हाण ही जागा न देणाऱ्यांची लाज आहे; गरिबाने गप्प बसावे म्हणून ती दिलेली नाही.

आता करावे काय? २५ डिसेंबरला सुटी मागावी. न मिळाल्यास काम करण्यात पाप नाही. खाडा पडला तर दंड बसतो, आणि तो लेकरांच्या तोंडचा घास असतो. ह्या तारखेचा उल्लेख शास्त्रात नाही. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीस प्रभूचा जन्म साजरा करते. म्हणून ज्या दिवशी कारखाना बंद राहील, त्या रात्री नाताळ करावा. एक दिवा लावावा, बापाने वा आईने जन्माची गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगावी, एक गीत म्हणावे, आणि जे गोडधोड होईल त्यातले शेजारच्या कोपीत द्यावे. शेजारी कोणत्या धर्माचा आहे, हे विचारू नये. मात्र नव्या कपड्यांसाठी मुकादमाकडून अधिक उचल घेऊ नये. मुक्त करावयास जो आला, त्याच्या जन्मदिनी नवे बंधन गळ्यात घालून घेणे शोभत नाही.

आणि गावी राहिलेल्यांनो, अर्धे बाक रिकामे असता आपला सण पुरा झाला असे मानू नका. उपासनेत प्रत्येक गेलेल्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. फडात जे कोयता म्हणून मोजले जातात, त्यांस मंडळीत तरी नाव असावे. मागे राहिलेल्या आजी-आजोबांच्या व नातवंडांच्या घरी आधी जा. जमेल तर उपदेशकास दोन दिवस तळावर पाठवा. असे झाले म्हणजे कोपी आणि मंदिर ह्यांतील अंतर पुष्कळ कमी होईल. वाटेवर असणाऱ्या आपल्या सर्व बंधुभगिनींस इम्मानुएल भेटो, आणि तो आम्हांकडून त्यांची सेवा करून घेवो.