मुलांचा सब्र आणि मोठ्यांचा वायदा

सब्र हा मोठा गुण आहे, हे आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. आजारात सब्र, तंगीत सब्र, मौतीच्या घरी सब्र. पण सब्र करायला सांगणारा कोण आणि तो करावा लागणारा कोण, हे आपण क्वचितच पाहतो. ज्याच्यामुळे त्रास झाला त्यानेच समोरच्याला सब्राचा उपदेश करावा काय? हा प्रश्न आम्हाला एका साध्या गोष्टीवरून तपासून पाहावासा वाटतो. ती गोष्ट म्हणजे मुलांची उन्हाळी शिबिरे.

कोकणातल्या मुसलमान कुटुंबांत मे महिन्याची सुट्टी म्हणजे गाव, हे समीकरण होते. मुंबईहून मुले येत. आजीच्या घरी वीज गेलेली असे, दुपार सरता सरत नसे, आंबे-फणस खाऊन पोट बिघडे. कंटाळा तिथेही होताच. पण तो कंटाळा मुलांचा स्वतःचा होता. मौजेचा वायदा कुणी केलेला नव्हता, म्हणून वायदा मोडल्याचे दुःखही नव्हते. आता अनेक गावची घरे बंद आहेत, कर्ते लोक आखातात किंवा शहरात आहेत, आणि सुट्टीची ती जागा शिबिरांनी घेतली आहे. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर अशी शिबिरे भरतात. छापील पत्रकात समुद्रस्नान असते, होडीतून सिंधुदुर्ग किल्ला असतो, रापण ओढण्याचा अनुभव असतो, रात्रीची शेकोटी असते.

सगळीच शिबिरे फसतात असे आमचे म्हणणे नाही. पण जे फसते त्याचे चित्र ओळखीचे आहे. पत्र्याच्या खोलीत मुले घामाने भिजलेली. प्यायचे पाणी मचूळ. सकाळी व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यान, दुपारी त्याच विषयावर दुसरे व्याख्यान. समुद्राची गाज रात्रभर ऐकू येते, पण समुद्राकडे जायचे नाही. किल्ल्याची होडी बंद. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत ही प्रवासी वाहतूक पावसाळ्यासाठी बंद असते, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. मग त्याच आठवड्यात शिबिर ठरवणाऱ्याला ते ठाऊक नसावे काय?

इथे आयोजकांची बाजूही मांडली पाहिजे. समुद्र हा खेळ नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या सहलीतील ८ जण गेले. ज्या घरांतली ती मुले होती त्यांना शिबिराचा कंटाळा हा काय विषय आहे, असे वाटेल. तेव्हा मुलांना पाण्यापासून दूर ठेवणारा माणूस दोषी नाही. तो आपले कर्तव्यच करतो. दोष नकाराचा नाही. जे देणार नाही ते पत्रकात छापण्याचा आहे.

हजरत मुहंमद पैगंबरांची (स.) एक हकीकत हदीसमध्ये आली आहे. एका आईने आपल्या लहान मुलाला काहीतरी देण्याचे आमिष दाखवून जवळ बोलावले. तू त्याला काय देणार होतीस, असे पैगंबरांनी तिला विचारले. खजूर, असे ती म्हणाली. तेव्हा त्यांनी बजावले की, काहीच दिले नसते तर तुझ्या नावावर एक खोटे लिहिले गेले असते. एका खजुराची ती गोष्ट. पण मुलाला दिलेला शब्द हा मोठ्या माणसाला दिलेल्या शब्दाइतकाच पक्का, एवढे त्यातून स्पष्ट होते. खजुराचा हा हिशोब असेल, तर अख्ख्या किल्ल्याचा काय असेल?

यावर कुणी म्हणेल, आजची मुले नाजूक झाली आहेत, थोडे सोसू द्या. आम्हाला हे पटत नाही. आपल्या घरातले मूल पहिला रोजा ठेवते तेव्हा पाहावे. उन्हात त्याचे ओठ सुकतात, पण ते मगरिबच्या अजानपर्यंत हट्टाने टिकते. कारण तो रोजा त्याने स्वतः मागितलेला असतो, काय सोसायचे ते त्याला आधी माहीत असते, आणि घरातली मोठी माणसेही त्याच्याबरोबर उपाशी असतात. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांतही श्रमदान होते, साधे जेवण होते. तिथे मुले कष्टाने खचली नाहीत, कारण कष्टांनाच बोलावणे होते. मुले कष्टाला भीत नाहीत. फसवणुकीने ती खचतात. स्वीकारलेला त्रास म्हणजे सब्र, आणि लादलेल्या त्रासावर गप्प बसणे म्हणजे नाइलाज. दोघांना एकच नाव देणे हा सब्राचाही अपमान आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत या नाइलाजाला आणखी एक पदर आहे. सर्वांच्या शिबिरात जाणाऱ्या मुसलमान मुलाला घरून निघताना बजावले जाते, नीट राहा, कुणाला बोलायला जागा देऊ नकोस. म्हणजे पाठीवर दप्तर आणि डोक्यावर सगळ्या समाजाची अब्रू. इतर मुले जेवणाबद्दल कुरकुर करतात, हे मूल मान खाली घालून जेवते. कारण आपण तक्रार केली तर ती एका मुलाची राहणार नाही, हे त्याला कळलेले असते. दुसरीकडे आपल्याच मोहल्ल्यातील सुट्टीच्या दीनी वर्गात कंटाळलेल्या मुलाने तोंड उघडले तर ती बेअदबी ठरते. बाहेर समाजाची भीती, आत धर्माची. मुलाने बोलावे तरी कुठे?

शेवटच्या दिवशी समारोप होतो. मुलांना पुढे बोलावून अनुभव विचारतात. सगळी एका सुरात म्हणतात, खूप मजा आली. आईबाप टाळ्या वाजवतात. त्या क्षणी मूल एक धडा शिकते : मोठ्यांना खरे नको असते, गोड हवे असते. हा धडा शिबिरापुरता राहत नाही. ज्या मुलाची पातळ आमटीची तक्रार कुणी ऐकली नाही, ते उद्या कुणी अंगाला वाईट हात लावला तर सांगायला येईल का? बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली कायदा झाला. पण तो हलायला आधी मुलाने कुणालातरी सांगावे लागते, नाहीतर कुणाच्या तरी लक्षात यावे लागते. सांगण्याची सवय लहान तक्रारींतूनच लागते.

पोलंडचे डॉक्टर यानुश कोरचाक यांनी तरुणपणी वॉर्सातल्या गरीब ज्यू मुलांच्या उन्हाळी शिबिरांत काम केले होते. पुढे १९१२ पासून चालवलेल्या अनाथालयात त्यांनी मुलांचेच न्यायालय बसवले. तिथे मुलांना शिक्षकांवरही फिर्याद करता येई, आणि खुद्द कोरचाकांवरही खटले चालले. त्यामुळे त्यांचा मान गेला नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेले, तेव्हा त्यांची साथ न सोडता तेही गेले. जो मुलांची फिर्याद ऐकतो तोच शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर चालू शकतो, असे आम्हाला यातून वाटते.

मुलांना खेळाचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्कांचा करार सांगतो. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. पण घरात हे हक्क करारांनी येत नाहीत. अबू उमैर नावाच्या लहान मुलाची पाळीव चिमणी मेली, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्याच्याजवळ बसून त्या चिमणीची विचारपूस केली. चिमणी परत आली नाही. परंतु त्याचे दुःख क्षुल्लक ठरले नाही.

फसलेले शिबिर परत भरवता येत नाही. मात्र घरी आलेल्या मुलाला, तुला जे सांगितले होते ते मिळाले नाही, आणि यात तुझी काही चूक नाही, एवढे म्हणता येते. सब्र त्याला शिकवावाच, पण त्याआधी त्याची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेण्याचा सब्र आपल्याकडे असला पाहिजे.