वडील म्हणाले, हे छापू नकोस

आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’मध्ये ज्यू उंदीर आहेत आणि नाझी मांजरं, हे न वाचलेल्यांनाही माहीत असतं. पहिल्याच प्रकरणात मोडलेल्या वचनाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

व्लादेक आणि आन्या हे पोलिश ज्यू जोडपं ऑशविट्झमधून वाचलं. आर्टचा जन्म १९४८ साली स्टॉकहोमचा. पुढे कुटुंब अमेरिकेत गेलं. मुलगा मोठा होऊन चित्रकार झाला आणि वडिलांना प्रश्न विचारू लागला. व्लादेक तरुणपणीच्या एका मैत्रिणीबद्दल सांगतात. तिला सोडून त्यांनी आन्याशी लग्न केलं. सांगून झाल्यावर म्हणतात, हे पुस्तकात नको, याचा हिटलरशी काय संबंध? मुलगा कबूल करतो. आणि आपण ते वाचत असतो, त्या कबुलीच्या चित्रासकट! ‘रॉ’ मासिकात ‘माउस’ १९८० पासून येऊ लागलं, व्लादेक १९८२ साली वारले. म्हणजे सुरुवात झाली तेव्हा वडील हयात होते.

आर्टची बाजू मला कळते. मैत्रीण गाळली, चिक्कूपणा गाळला, तर उरतो तो फक्त सोसणारा, पुतळ्यासारखा म्हातारा. तो व्लादेक नव्हे. पण पुस्तक चांगलं झालं म्हणून वचन मोडणं आपोआप योग्य ठरतं का? १९९२ साली पुलित्झर मिळालं, हे काही त्याचं उत्तर नाही.

गंमत अशी (गंमत कसली म्हणा), की व्लादेकनेही असंच काही केलं होतं. आन्याने १९६८ साली आत्महत्या केली. मुलाने कधीतरी वाचाव्यात असं तिला वाटत असलेल्या तिच्या वह्या नवऱ्याने जाळून टाकल्या. हे कळल्यावर मुलगा बापाला खुनी म्हणतो. एकाने जाळलं, दुसऱ्याने छापलं; दोघांनीही दुसऱ्याच्या आठवणींचा निर्णय परस्पर घेतला. तरी माझ्या लेखी दोन्ही सारखं नाही. छापलेल्यावर आज आपण भांडू शकतो, त्या वह्यांमधली एक ओळही कुणाला परत मिळणार नाही.

आजी-आजोबांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करणारे आता पुष्कळ आहेत. त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं, आणि वाचताना त्या मैत्रिणीकडे बघावं. ती पुस्तकात येते ती फक्त व्लादेकच्या सांगण्यातून: पाय धरणारी, मागे लागणारी. व्लादेकना निदान ‘नको’ म्हणता आलं, आणि ते ‘नको’ पानावर आहे. तिला कुणी विचारलंच नाही.