मुदत सरलेले ऋण

हातउसन्या पैशाचे आयुष्य कायद्याच्या लेखी बहुधा तीन वर्षांचेच. १९६३ च्या मुदत कायद्यान्वये पुढे धनकोला दावा लावता येत नाही. परंतु देणे नाहीसे होते असे मात्र नाही. १८७२ च्या करार कायद्याने तर मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी, सहीनिशी दिलेले वचन ग्राह्यच मानले आहे.

आमच्या वडिलांच्या वहीत, इंदूरच्या वाड्यातील शेजाऱ्यांकडून १९७१ साली घेतलेल्या ६०० रुपयांची नोंद सापडली, फेडीची नाही. शेजारी वारले, त्यांच्या पत्नी हयात आहेत. ६०० रुपये नेऊन देणे ही थट्टाच! धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम लावावा, तरी १,२०० च्या पुढे जाता येत नाही. आणि त्याच पैशांतून आमची परीक्षेची फी भरली गेली होती. आकडा ठरेना, म्हणून दोन महिने आम्ही त्यांच्याकडे फिरकलेलो नाही.