न्यायाविना समेट नाही



मी बी.ए.ला असताना आमच्या विभागातील दोन अध्यापकांचे अभ्यासक्रमावरून बिनसले. पुढे बोलणेही बंद झाले. एकाच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कागदावर दुसऱ्याची सही महिनोन्महिने होईना. वरिष्ठांनी दोघांना बोलावून एवढेच सांगितले, "आता विषय वाढवू नका." दोघे गप्प झाले, विद्यार्थ्याचे वर्ष मात्र वाया गेले. याला समेट म्हणावे काय?

मदरशात आम्ही 'हिदाया' शिकलो. हिजरी सहाव्या शतकातील हा हनफी फिक्हचा ग्रंथ. त्यातील मुजारआ, म्हणजे बटाईच्या शेतीचे प्रकरण पाहा. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते हा करार वैध नाही, त्यांचेच शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) तो वैध मानतात. दोन्ही बाजू दलीलांसह नोंदलेल्या आहेत आणि फतवा शिष्यांच्या मतावर आहे. तरीही उस्तादांचा मान तसूभर उणावला नाही, की शिष्यांना कोणी बेअदब ठरवले नाही. मतभेद दडपला असता तर इल्मचेच नुकसान झाले असते.

आपल्या विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांत, दारुल उलूमच्या शूरामध्ये हीच रीत हवी. निर्णय बहुमताने होवो, पण विरोधी मत कारणांसह इतिवृत्तात राहो. ज्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते, त्याला गट बांधण्याची गरज सहसा उरत नाही.

परंतु जेथे कोणाचा हक्क मारला जातो, तेथे प्रश्न मताचा नसून जुलुमाचा असतो. सूरह हुजुरातच्या नवव्या आयतीत दोन गटांमध्ये समेट घडवण्याच्या आदेशाबरोबरच न्यायाचाही आदेश आहे. दुर्बलाला गप्प करून मिळवलेली शांतता या आदेशात बसत नाही. म्हणून मध्यस्थाने आधी विचारावे : या भांडणात कोणाचे शिक्षण अडले आहे? त्याचा मार्ग प्रथम मोकळा करावा. मोठ्यांच्या रुसव्याफुगव्यांचा विचार नंतर करता येईल.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी अध्यापक असेल, कोणी संस्थेचा विश्वस्त. आपल्या सहीसाठी एखादा विद्यार्थी ताटकळत असेल, तर ती सही त्याची अमानत आहे. आपला राग तिच्या आड येऊ देऊ नका.

अल्लाह तआला आपल्याला मतभेदात अदब आणि समेटात न्याय राखण्याची तौफीक देवो. आमीन.